टीव्हीवर पाहिलेला तास

मुळगावच्या कमलाक्षी मॅडम डिचोलीतल्या एका खासगी नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. त्यांच्या तासाला वर्ग चिडीचूप असायचा आणि त्याचा त्यांना फार अभिमान. म्हापशाला नर्सिंग शिक्षकांसाठी प्रशिक्षण ठरलं, तेव्हा त्या घरी म्हणाल्याही, "मला आता काय शिकवणार हे लोक?"

प्रशिक्षणाआधी प्रत्येकाचा एक तास व्हिडिओवर घेतला होता. तो सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघायचा आणि मग त्यावर बोलायचं, असं ठरलेलं. आपला तास नमुना म्हणून दाखवतील, अशी कमलाक्षींची खात्रीच होती. त्या मुद्दाम पुढे बसल्या.

पडद्यावर त्या इंजेक्शन द्यायला शिकवत होत्या. बोलणं स्वच्छ, फळ्यावरची आकृती देखणी. शेजारच्या बाईंनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर मागच्या बाकावरून सुविधा उभी राहिली. समुद्रकाठच्या मोरजीची, कोकणीत बोलणारी, नुकतीच दाखल झालेली मुलगी.

"मॅडम, टोचताना हात थरथरलो जाल्यार?"

"हात थरथरतो तर इथे कशाला आलीस? घरी जा, मासळी सुकव. आणि आधी नीट बोलायला शीक!"

टीव्हीतला वर्ग खो-खो हसला. हॉलमध्ये कुणीच हसलं नाही.

आपण असं बोललो होतो, हे कमलाक्षींना आठवतही नव्हतं. पडद्यावर सुविधा खाली बसली. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं ते सोडलंच नाही. पुढे मॅडमनी दोनदा विचारलं, "काही शंका?" एकही हात वर झाला नाही. सगळ्या माना खाली. आपण जिला शिस्त म्हणत आलो ती ही, हे कमलाक्षींना तिथे बसल्या बसल्या कळलं.

प्रशिक्षण देणाऱ्या गोकुळदास सरांनी टीव्ही बंद केला. "तुम्हाला काय दिसलं, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोरी भितात मला," त्या कशाबशा म्हणाल्या.

जेवताना त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. एका बाईंनी तर आग्रह करकरून सोलकढी वाढली. त्या मायेनेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिचोलीच्या बसमध्येही ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

सोमवारी वर्गात जाताच त्या म्हणाल्या, "सुविधा, त्या दिवशी मी तुला लागेल असं बोलले. चुकलं माझं."

सुविधा गडबडून उठली. "न्हय मॅडम, चूक माझीच. मी आता नीट बोलते."

तो 'नीट' शब्द कमलाक्षींना झोंबला. त्यांनी सांगितलं, "हात सगळ्यांचाच थरथरतो. माझाही थरथरायचा. सिरिंज धरलेल्या हाताची कड रुग्णाच्या अंगावर टेकवायची. आधार मिळतो."

मुलींनी मुकाट्याने लिहून घेतलं.

"अजून काही विचारायचंय?"

वर्ग चिडीचूप.

वर्ष सरलं तरी सुविधाने त्यांच्या तासाला तोंड उघडलं नाही. शुभांगी मॅडमच्या तासाला मात्र ती सारखी काहीबाही विचारायची. व्हरांड्यातून जाताना तिचा मोकळा आवाज कानावर यायचा, तेव्हा कमलाक्षी भराभर पावलं उचलून पुढे जायच्या.