काटेबाई

कारखान्यात तिला सगळे काटेबाई म्हणायचे. काचेच्या बाटल्यांचा कारखाना. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला वजनकाट्यावर चढवायचं, आठ तासांनी बाहेर आला की पुन्हा चढवायचं आणि फरक वहीत लिहायचा, हे तिचं काम. घामावाटे दीड किलोच्या वर वजन गेलं तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी घरी बसायचं. तीनदा बसला की भट्टीवरून कायमची सुट्टी. धडधाकट माणसं धडधाकटच राहावीत म्हणून हा नियम. ज्याने केला त्याच्या खोलीत एसी होता.

माणसं काही दूधखुळी नव्हती. पंधरा दिवसांत त्यांनी तोड काढली. आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवायचं नाही. वाळून, हलकं होऊन काट्यावर चढायचं, तसंच भट्टीपुढे भाजत राहायचं आणि सुटायच्या आधी घशात तांबेच्या तांबे रिचवायचे. फरक नावाला.

तिचा सख्खा थोरला भाऊ त्यातलाच. दोनदा घरी बसून झालेला.

"दादा, सोमवारी अडुसष्ट होतास. आज सहासष्टसुद्धा भरत नाहीस," ती पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली. "हे आधी पी."

"ए शहाणे, पाणपोई कधी काढलीस?" रांग खो खो हसली. तोही हसला, तसा त्याचा कोरडा ओठ फाटला, रक्त आलं.

"दवाखान्याच्या तपासणीला सकाळी बाटलीत काय दिलंयस ते बघ. लघवी आहे की काढा?" ती म्हणाली.

"चारचौघांत काय बोलतेस!" मग तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "तिसऱ्यांदा बसलो तर संपलं. मग तुझ्या वहिनीला तू तोंड देणार?"

पेला तिच्या हातात राहिला. तो भट्टीकडे गेला.

ती वही घेऊन साहेबांकडे गेली. "साहेब, सकाळची वजनं बघा. रोज उतरतायत. माणसं घरूनच वाळून येतायत."

"बाई, त्या रकान्याला नियमच नाही," साहेबांनी बोट शेवटच्या रकान्यावर सरकवलं. "फरक बघा ना! महिनाभरात एकालाही घरी बसवावं लागलं नाही. वरचे खूश आहेत." वहीवर थाप मारून त्यांनी ती परत दिली. पोराचं प्रगतिपुस्तक द्यावं तशी.

संध्याकाळी रांग लागली. सुपरवायझर शेजारी उभा. भाऊ काट्यावर चढला तो तोंडावर हात दाबून. पोट पाण्याने तट्ट फुगलेलं, डोळ्यांत पाणी. एका दमात प्यालेलं सगळं वर येत होतं. आकडे लुकलुकत होते.

तिच्या लक्षात आलं. नुसतं थांबायचं. दहा-पंधरा सेकंद. तो ओकला की वजन पडेल, फरक दीडच्या पुढे जाईल आणि भट्टी सुटेल. जीव वाचेल, नोकरी जाईल.

"पेन चालेना," ती म्हणाली आणि टेबलावर पेन आपटू लागली.

भावाने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. लहानपणी तिने त्याची चुगली केली की तो असाच बघायचा. गळ्याची घाटी वर गेली, थरथरली, खाली आली. आलेलं सगळं त्याने परत गिळलं.

"हे घ्या माझं," सुपरवायझरने खिशातलं पेन पुढे केलं. "फरक चारशे ग्रॅम. वा! लिहा, काटेबाई."

तिने चारशे लिहिलं.

भाऊ उतरून भिंत धरत गटाराकडे पळाला. पुढचा काट्यावर चढला. त्याचंही तोंड घट्ट मिटलेलं होतं.