विहिरीचं पाणी

जियादनं फोन उशीखाली सारला, परत काढला, परत सारला. कॉल चालूच होता. उशीतूनही बायकांचे आवाज येत होते, सगळ्या एकदम बोलत होत्या.

"काय म्हणतायत?" रिफतनं हळूच विचारलं.

"मला काय कळतंय. त्याची भाषा आहे," हमजा म्हणाला.

जियादची आई पहाटे गेली होती. युगांडात, घरातच, इबोलानं. हे तिघं कतारला, हमद पोर्टवर एकाच शिफ्टला आणि बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत एकाच खोलीत. जुम्मा पढून आले तर हा फोन. रिफतनं आपली पाण्याची बाटली जियादच्या बेडजवळून उचलून खिडकीत नेऊन ठेवली होती, कुणाला दिसणार नाही अशी.

"वटवाघळापासून येतो म्हणे. मग माणसाचा माणसाला," रिफत म्हणाला.

"हा गेल्या रमजानपासून इथंच आहे. फोनमधून येतो काय?"

"मी कुठं काय बोललो? बाटली माझी, मी उचलली."

हमजानं मोबाइलवर वाचलं होतं. हवेतून नाही लागत. आजारी माणसाचं रक्त, घाम, उलटी अंगाला लागली तर लागतो. आणि मय्यतीला हात लावला तर सगळ्यात जास्त. वाचताना पटत होतं. जियादकडं बघितलं की काहीच पटत नव्हतं.

जियाद उठून बसला. त्याची हिंदी पोर्टवर शिकलेली.

"हमजा. सफेद ड्रेसवाला लोग आया, गेट पे. मम्मा को बॅग में डालेगा. बोलता, गुसल नहीं. मेरा सिस्टर नफिसा बोलती, मैं नहलाएगी. उसने गेट बंद किया. मैं बडा बेटा. मैं जो बोलेगा वो करेगी."

"मना कर ना."

"तेरा फादर को पानी मिला. कोरोना में. तू बोला मेरे को."

बोलला होता. सगळ्यांनाच सांगायचा तो. बाबा गेले तेव्हा विमानं बंद, हा इथंच अडकलेला. आईनं नंतर फोनवर सगळं सांगितलं होतं. आपल्याच विहिरीचं पाणी, कोमट केलेलं. शेवटच्या पाण्यात कापूर. चेहरा अगदी झोपल्यासारखा. तेवढ्यावरच तर त्यानं ते दिवस काढले होते.

"मिला," हमजा म्हणाला. म्हणायला नको होतं की काय, ते त्याला कळेना.

"तो तेरा मम्मी को पूछ. कैसे किया. ग्लव्ज कौनसा. नफिसा वैसेच करेगी."

हमजानं रत्नागिरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई, ताहेरुन्निसा, गावात बायकांच्या मय्यतीला गुसल, म्हणजे दफनाआधीची अंघोळ, घालायची. असलं काही अडलं की लोक तिलाच विचारायचे.

"जेवलास काय रे?"

"आई, ऐक ना." कुठून सुरू करावं ते त्याला जमेना. वटवाघळापासून सुरू केलं, मग मागं आला, मग नफिसा, मग गेट. "तर बाबांच्या वेळेला तू हातमोजे कसले घातलेलेस?"

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"ती पोरगी केवढीशी आहे?"

"कोण?"

"न्हाऊ घालते म्हणतेय ती."

हमजानं जियादला विचारलं. "छोटी है," जियाद म्हणाला. "उसका बेबी है. दूध पीता."

"तान्हं मूल आहे तिला, आई." हमजानं फोन उचलून बघितला. "आई? नेटवर्क गेलं काय?"

"आहे मी. त्याला सांग, पोरीला हात लावू देऊ नको. पिशवीत ठेवू देत त्यांना. मग त्या ड्रेसवाल्यांतलाच कुणी मुसलमान असेल, त्यानं साफ मातीवर हात मारायचा आणि पिशवीवरूनच फिरवायचा. तोंडाजवळ, मग हातांजवळ. तयम्मुम. पाणी घालता येत नाही तेव्हा हेच."

"पण तू तर म्हणालेलीस..."

"त्याला सांग, हमजाच्या आईनं आपल्या नवऱ्याला असंच केलं. पिशवी उघडूनच दिली नाही आम्हाला. डोकं कुठल्या बाजूला ते पण विचारून घेतलं."

एसी घरघरत होता. जियाद हमजाच्या तोंडाकडं बघत होता.

"क्या बोलती?"

"बोलती, नफिसा को बोल, हाथ नहीं लगाने का. गेट खोल. मिट्टी पे हाथ मारेगा, बॅग के ऊपर से घुमाएगा. गुसल के बदले." मग फोनकडं बघत म्हणाला, "मेरे फादर को भी ऐसाच किया."

"पानी नहीं?"

"नहीं."

जियादनं उशीखालून फोन काढला आणि त्यात दोन-तीन वाक्यं बोलला. तिकडं एकदम शांत झालं. मग एक बाई रडायला लागली आणि तिच्या मागं कुठंतरी लोखंडी गेट करकरलं.

रिफत खिडकीकडं गेला, बाटली घेऊन आला, बूच उघडून जियादच्या हातात दिली.

हमजानं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"आई."

"हं."

"बाबांचा चेहरा झोपल्यासारखा होता म्हणालेलीस."

तिकडं कुणाची तरी कोंबडी ओरडली.

"असणारच ना रे," ताहेरुन्निसा म्हणाली.