‘ऐच्छिक’

विनिता आणि डेन्झिल यांनी मिळून नऊ वर्षांत एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा उभी केली होती. विनिता वसईची, डेन्झिल गिरीजला, आईबरोबर राहायचा. भाषा फुकट होती. चार-पाचशे लोक ती मनापासून वापरत आणि या दोघांना त्याचं फार अप्रूप.

भाषेत एक कडक नियम होता. प्रोग्रॅमने एखादं मॉड्यूल, म्हणजे दुसरीकडे लिहून ठेवलेला कोड मागवला आणि तो सापडला नाही, तर प्रोग्रॅम सुरूच व्हायचा नाही. त्यांचा मित्र कल्पेश या नियमाला वैतागला होता. गिरीजच्या एका दवाखान्याचा प्रोग्रॅम त्याने याच भाषेत लिहिलेला.

"प्रिंटरचं मॉड्यूल नाही म्हणून अख्खा दवाखाना खोळंबून ठेवायचा? काहीतरी कर ना यार," तो विनिताला म्हणाला.

विनिताने महिनाभर खपून सोय केली. मॉड्यूलच्या नावाआधी 'ऐच्छिक' लिहायचं. मॉड्यूल असलं तर येईल, नसलं तर त्याच्यावाचून पुढे चालेल.

एकाने केलेला बदल दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय भाषेत जात नसे. डेन्झिलने कोड तपासला. "छान झालंय. पण नसलं तर निदान स्क्रीनवर तसं सांगू दे."

"दर वेळी सूचना? लोक कंटाळतात रे. ज्याला हवी तो चालू करेल."

आठवडाभर वाद चालला. शेवटी डेन्झिल थकला. "बरं बाई, तुझं खरं," म्हणाला आणि त्याने मंजुरी दिली.

कल्पेशने सरसकट सगळ्याच मॉड्यूलांना 'ऐच्छिक' लावून टाकलं. मार्चमध्ये दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला. पेशंटला कुठलं औषध सोसत नाही ते लाल पट्टीत दाखवणारं मॉड्यूल त्यावर चढवायचं राहून गेलं. प्रोग्रॅम बिनतक्रार उघडला.

त्याच आठवड्यात डेन्झिलची आई, मर्सी, लघवीला जळजळ होते म्हणून तिथे गेली. तिला सल्फाचं औषध चालत नाही, अशी नोंद होती. पट्टी आलीच नाही. डॉक्टरांनी सल्फा लिहून दिलं. अंगभर फोड उठले. अकराव्या दिवशी ती गेली.

कल्पेशने रडत रडत फोनवर हे सांगितलं, तेव्हा विनिता होती तशी रिक्षात बसली. डेन्झिलच्या घरून ती कधी रिकाम्या हाताने परतली नव्हती; मर्सी आँटी वाडीतली वांगी तरी पिशवीत कोंबायचीच. डेन्झिल पायरीवर बसला होता.

"तू सांगत होतास," विनिता म्हणाली. "मी ऐकलं नाही रे."

"मंजुरी माझीच आहे ना." तो तिच्याकडे बघत नव्हता. "फक्त तुलाच दोष देता आला असता तर सोपं गेलं असतं. आता येऊ नकोस, विनिता. तू दिसलीस की मला आईआधी ते मंजुरीचं बटण आठवतं."

विनिताने दोन दिवसांत नियम बदलला. मॉड्यूल नसेल तर प्रोग्रॅमने ते ठळक सांगायचं, आणि माणसाने 'वाचलं' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोड तिने डेन्झिलकडेच तपासायला पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. मग एका दुपारी त्याने भाषेच्या पानावरून स्वतःचं नाव काढलं. बदलाला मंजुरी भाषा वापरणाऱ्या जुन्या मंडळींपैकी एकाने दिली. कल्पेशने तो त्याच दिवशी दवाखान्यात बसवला.

मर्सी आँटीला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, विनिता दाराशी उभी राहिली. बाहेर पडताना डेन्झिलच्या बहिणीने, एस्थरने, तिचा हात क्षणभर घट्ट धरला. डेन्झिल मात्र थांबला नाही. विनिताच्या ओठांवर त्याचं नाव आलं होतं. तिने ते गिळलं आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिली.