निळ्या दाराची जीप

मुलांनो, एक जीप डोळ्यांसमोर आणा. रंग पांढरा, पण चालवणाऱ्याच्या बाजूचं दार निळं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं काढून बसवलेलं. अमळनेरच्या बाहेर ट्रकचं एक यार्ड आहे, तिथे निंबाखाली ती उभी आहे. मे महिना, दुपारचा एक. आता त्या जीपजवळ दहा वर्षांची एक मुलगी उभी करा. बोटांना खडू लागलाय. बोनेटवर ती रेघोट्या ओढते, पण निळ्या दाराला हात लावत नाही.

तिचं नाव ऋतिका. वडील संघपाल, याच यार्डात ट्रक चालवणारे. मागच्या खोलीत त्यांचं घर. ऋतिकाचं अक्षर वळणदार, म्हणून सुट्टीत ऑफिसातला काळा फळा तिच्याकडे असे. कोणी किती वाजता गाडी सुरू केली, किती वाजता थांबवली, ते ती लिही. फळ्याशेजारी कंपनीचा नियम चिकटवला होता. आठ तास भरले की गाडी जागेवर उभी करायची. मग दुसरा ताजा ड्रायव्हर तिथे पोचवायचा, त्याने गाडी पुढे न्यायची आणि थकलेल्याला जीपमधून परत आणायचं.

नियम चांगला होता. ऋतिकाने तो इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला होता.

संघपाल त्या दिवशी अकराला सुरतेहून आला. फळ्यावर तिने लिहिलं, ‘संघपाल, ३ ते ११’. अंघोळ करून तो खाटेवर आडवा झाला, त्याला दीड तासही झाला नसेल, तोच ऑफिसातला जितेंद्र दारात आला.

“संघपालभाऊ, चिंधाचे आठ तास भरले. पळासनेरला ढाब्यावर गाडी लावून बसलाय. आणायला जावं लागेल.”

त्याच्या हातातल्या फोनमधून चिंधा अहिराणीत सांगत होता, इथेच थांबलोय म्हणून.

“मी आठेच शे, भाऊ. इंजिन बंद करी दिधं. पानी बी सरी गयं.”

संघपाल उठून बसला. दोन्ही तळव्यांनी त्याने तोंड चोळलं.

“राकेश जातोय ना?”

“राकेश ट्रक घेईल. पण जीप त्याने चालवली तर त्याचे दोन तास वाटेतच जातील. उरलेल्या सहात पुणं येतं का? त्याला मागच्या सीटवर झोपून जाऊ द्या. तुमचे तर आठ तास झालेच आहेत. आज तुम्हाला ट्रक चालवायचाच नाही.”

हे तो असं म्हणाला, जणू संघपालची सोयच झाली होती.

राकेश उशी काखेत मारून जीपकडे निघाला होता. “भाऊ, खड्डे चुकवा बरं,” तो हसत म्हणाला. “आज माझी झोप कंपनीची आहे.”

ऋतिका ऑफिसच्या पायरीवर उभी होती. तिने जितेंद्रला विचारलं,

“काका, जीपचे तास कुठे लिहू?”

“जीपचे लिहायचे नसतात. ते नुसतं जाणं-येणं.”

तिने आत फळ्याकडे पाहिलं. सगळ्यात खालच्या ओळीत झुलालकाकांचं नाव होतं, ‘४ तास’. मार्चपासून ती ओळ कोणी पुसली नव्हती. त्या दिवशी झुलालकाका याच जीपने कोणाला तरी आणायला निघाले आणि चोपड्याच्या अलीकडे उभ्या ट्रॉलीवर आदळून जागीच गेले. नंतर साहेब आले, त्यांनी फळा पाहिला, फोटो काढला. चारच तास चालवलेल्या माणसाला झोप लागलीच कशी, याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्याच सकाळी ते एकदा जीपने शिरपूरला जाऊन आले होते, ते फळ्यावर नव्हतं. पुढच्या आठवड्यात जीपला निळं दार लागलं.

“पप्पा, नाही म्हणा.”

संघपाल चपला शोधत होता. “चिंधा उन्हात बसलाय, माय. मार्चमध्ये मी बसलो होतो. झुलाल मलाच आणायला निघाला होता. त्याने नाही म्हटलं का?”

मग खाली वाकलेलाच तो म्हणाला, “दोन मिरच्या आण घरातून. हिरव्या.”

ऋतिकाचे पाय जागीच राहिले. मिरची कशासाठी, हे तिला माहीत होतं. झोप आवरेनाशी झाली की तो मिरची दाताखाली धरत असे. झोप पुरी झालेली असली की कधीच मागत नसे.

तिला मावशीकडे शिंदखेड्याला जायचा दिवस आठवला. नवा फ्रॉक घालून ती मोटारसायकलवर बसलीसुद्धा होती. संघपालने गाडी सुरू केली, क्षणभर तसाच बसला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली. “आज नको. डोळे जड आहेत. तू मागे असताना नाही.” ते दुसऱ्या दिवशी गेले होते.

ती घरात गेली. परत आली तेव्हा संघपाल नळाखाली डोकं धरून उभा होता. राकेश मागच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून निजला होता. जितेंद्र घड्याळ बघत होता.

ऋतिकाने निळं दार उघडलं. ते करकरलं. चालवणाऱ्याच्या जागेवरून सरकत ती पलीकडच्या सीटवर गेली, पट्टा ओढून घेतला, दोन मिरच्या स्टिअरिंगसमोर ठेवल्या.

संघपाल ओल्या केसांनी दारापाशी आला.

“उतर.”

“मी पण येते. चिंधाकाकांना पाणी घेतलंय.” मांडीवरची बाटली तिने दाखवली.

“ऋतू, उतर म्हटलं ना.”

“का? डोळे जड आहेत?”

केसांतलं पाणी त्याच्या खांद्यावर ठिबकत होतं. मागे राकेशने तोंडावरचा रुमाल काढला आणि हळूच उठून बसला.

“बसू दे हो पोरीला,” जितेंद्र पायरीवरून म्हणाला. “तेवढीच गप्पांना सोबत. पण निघा आता.”

किल्ली संघपालच्या हातात होती. एक पाय जीपमध्ये, एक खाली.

ऋतिकाने खिशातून खडू काढला. समोरच्या काळ्या डॅशबोर्डवरची धूळ तिने तळहाताने पुसली. फळ्यावर लिही तशाच वळणदार अक्षरात तिने लिहिलं, ‘संघपाल, ३ ते ११’. त्याच्या खाली दुसरी ओळ काढली, ‘ऋतिकासोबत, १ ते’. पुढची जागा मोकळी ठेवली, आणि खडू वडिलांपुढे धरला.