तिसरी नळी

बुडबुडा नळीच्या तोंडाशी येऊन थांबला. फुगला. त्याच्या पाठीवर खिडकीचा चौकोन वाकडा होऊन उमटला, आणि आता हा फुटणार, की आत जाणार, की असाच आपल्याकडे डोळे वटारून बघत बसणार असं मनात येईतो त्यानं टुणकन आत उडी घेतली, आणि खाली कपाटात कुठंतरी —

गळप्.

— हाच. हाच तो आवाज. तो स्टुलावर उभा होता, मान माशांच्या टाकीच्या मागच्या अरुंद पेटीत वाकवलेली, एक कान पाण्याच्या इतका जवळ की पाळीला खारं पाणी लागून ती खाजत होती, आणि खाजवायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातानं भिंत धरलेली. समुद्र म्हणे. घरात समुद्र आणतोय असं ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, आणि आणलं काय, तर म्हातारं माणूस औषधाचा घोट गिळतं तसा आवाज. तोही सारखा नाही. सारखा असता तर माणूस सरावला असता. हा थांबतो. तुम्हाला वाटतं, थांबला. तुम्ही खांदे सैल सोडता, आणि —

गळप्.

टाकी दिसायला मात्र देखणी होती, हे तिचे शत्रूही कबूल करत. शत्रू म्हणजे बायको. पांढरी वाळू, एकावर एक रचलेले सच्छिद्र खडक, निळा दिवा. अजून मासा नाही, प्रवाळ नाही; खडकाबरोबर फुकट आलेली एक गोगलगाय तेवढी काचेवरून आपल्याच मस्तीत हिंडत होती. प्रवाळ दुकानात वेगळे काढून ठेवलेले होते. आज संध्याकाळपर्यंत. दुकानदार — त्याला हा मनातल्या मनात समुद्रशेठ म्हणायचा — म्हणाला होता, "आज नेलेत तर तुमचे, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे." आणि बायको सकाळी, कणीक मळता मळता, पाठमोरीच म्हणाली होती, "आज संध्याकाळपर्यंत आवाज बंद झाला तर टाकी राहील. नाहीतर दादा टेम्पो पाठवतोय. त्याच्या ऑफिसात लावणार आहे."

दादा म्हणजे तिचा भाऊ. आईला ठेवून घ्यायला ज्याच्याकडे जागा नव्हती तो. 'फ्लॅट केवढासा आहे रे आमचा, तूच बघ ना.' टाकीला जागा आहे. टाकी हाक मारत नाही, टाकीला संडासला न्यावं लागत नाही…

हे त्यानं बोलून दाखवलं नाही. तो बोलून दाखवत नसे. सासूबाई पडल्या, खुबा मोडला, आणि दवाखान्यातून एक वॉकर, एक गादी आणि औषधांची पिशवी घेऊन थेट इकडे आल्या, तेव्हाही तो काही बोलला नव्हता. घरात एक लहान खोली होती, ती त्याची होती. म्हणजे तिच्यात त्याचं टेबल होतं, खुर्ची होती, आणि दार होतं, जे लावून घेता येत असे. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांच्या दातांचे साचे घासायचे, कवळीचा एकेक दात केसभर इकडे, केसभर तिकडे. कानात घासणीचं किर्र, कॉम्प्रेसरची धडधड, आणि घरी आल्यावर ते दार. ती खोली दोन दिवसांत रिकामी झाली. टेबल गॅलरीत गेलं. 'तुझं काही नाही ना?' असं बायकोनं विचारलं होतं, आणि काही नाही म्हणायला लागतो तितक्याच वेळात तो काही नाही म्हणाला होता.

मग टाकी आणली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, नेमकी त्या खोलीच्या भिंतीला टेकून. खोली गेली, टाकी आली. हिशेब कुणी मांडला नाही, पण दोघांनाही पाठ होता.

"ठेव," बायको म्हणाली होती. "पण आवाज नको. आईनं हाक मारली की मला ऐकू आली पाहिजे. एवढंच."

"त्यांना घंटी देऊ या की. बिनतारी मिळते, उशाशी —"

"विचारलं. म्हणाली, घंटी वाजवून बोलवायला तू काय नोकर आहेस?"

एवढंच! पाण्यानं वाहायचं आणि आवाज करायचा नाही, एवढंच. प्लंबर तर हसलाच. त्यानं पाइप भराभर जोडले, तोंडात टेप धरून, आणि म्हणाला, "साहेब, पाणी आहे. वाहिलं की आवाज येणार." त्याला समजावलं: हे बघा, पंप पाणी वर टाकीत चढवतो, आणि ते पेटीतल्या तीन नळ्यांतून परत खाली कपाटात उतरतं. पहिली पाण्यानं गच्च भरून वाहते. तिच्यात हवा शिरली नाही की ती वाजत नाही, भरलेली नळी वाजत नसते. तिच्यातून उरलेलं थोडं पाणी दुसरीतून काठाकाठानं ओघळतं. तीही गप्प. आणि तिसरी कोरडी. ती नुसती उभी असते. प्लंबरनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्या नळीला, हाताशी होता म्हणून, पाव फेऱ्याचा व्हॉल्व्ह ठोकून दिला. तांबड्या मुठीचा. उघडा किंवा बंद. त्याच्या डोक्यात पाण्याच्या दोनच अवस्था होत्या.

आणि मी आठवडाभर त्या तांबड्या मुठीला बोटानं टिचक्या मारत बसलोय. एक टिचकी इकडे, की नळी जास्त ओढते, पाणी उतरतं, बुडबुडे गिळते. एक टिचकी तिकडे, की ओढ कमी पडते, पाणी पेटीत चढत चढत तिसऱ्या नळीच्या काठाला लागतं, आणि ती कोरडी बया अशी काही बोंब ठोकते की खालच्या मजल्यावरची बाई झाडू घेऊन छताला —

गळप्.

— हो! ऐकलं!

"कोणाशी बोलतोयस?" स्वयंपाकघरातून.

"कोणाशी नाही."

तिसरीचा बंदोबस्त त्यानं परवाच केला होता. टोपण बसवलं. वाजायचं नाही म्हटलं की वाजायचं नाही. आज चाकाचा व्हॉल्व्ह आणलाय — कितीही फेरे, केसभर म्हणजे केसभर — तो लावायच्या आधी उगाच खात्री म्हणून समुद्रशेठला फोन केला, स्पीकरवर ठेवून, कारण हात ओले. आणि बोलता बोलता टोपणाचं सांगून बसला.

"टोपण?" फोनमधून असा आवाज आला, जणू याच्या घरात कुणीतरी गेलंय. "त्या नळीला टोपण? अहो, काय करताय काय! उद्या ती तुमची गोगलगाय पहिल्या नळीत जाऊन बसली, तर पाणी जाणार कुठं? सोफ्यावर! ती नळी वाजायलाच असते. वाजली की उठायचं आणि बघायचं, काय अडकलं. काढा आधी ते टोपण."

"पण मला आवाजच नकोय —"

"मग चित्र लावा भिंतीवर. माशांचं."

बायको दारात येऊन उभी होती. हात पदराला पुसत. तिनं सगळं ऐकलं होतं. ती टाकीजवळ आली, पेटीत डोकावली, खूप दिवसांनी.

"म्हणजे दोन मुकाट्यानं राबणार, आणि तिसरी नुसती उभी राहून ओरडणार."

"ओरडणार नाही. काही बिघडलं तरच."

"आणि ती ओरडली की उठायचं कुणी?"

तो व्हॉल्व्हच्या खोक्यावरची चिकटपट्टी नखानं सोलत राहिला. ती निघता निघेना.

"छान," ती म्हणाली. "ऐकायला अजून एक."

मग ती आत गेली, सासूबाईंच्या खोलीत. उशी झटकल्याचा आवाज, 'जरा पुढे हो, आई', वॉकरचा रबरी पाय फरशीवर किंचाळला. आणि मग ती बाहेर आली, पर्स घेऊन. "तासाभरात येते. केस कापून येते. बघ, कसे झालेत." त्यानं बघितलं. कसे झाले होते ते त्याला कळलं नाही. आधी कसे होते ते आठवेना. "आईचं सगळं झालंय. फक्त हाक मारली तर… येईल ना ऐकू?"

"येईल की."

"तू दर वेळी म्हणतोस, ऐकूच आली नाही."

"नाहीच येत. हा आवाज बघ ना."

ती चपला घालून गेली. हे मात्र खोटं नव्हतं, त्यानं स्वतःला सांगितलं — कुणीही इथं उभं राहून बघावं. आणि टाकी यायच्या आधी? तेव्हा टीव्ही असायचा. तेव्हा… ते जाऊ दे. पंप बंद. मुख्य झडप बंद. बादली. तांबडी मूठ उतरवली, नळीतलं उरलंसुरलं पाणी मनगटावरून थेट कोपरात, बाहीत, काखेत. माणसानं समुद्र काखेत घालून बसावं, आणि तरी — रबरी कडी घरंगळून कपाटाखाली. पोटावर पडून, गाल फरशीला, हात आत. एक मेलेलं झुरळ, एक पेन, कुणाची तरी कानातली फिरकी, आणि शेवटी कडी. चाकाचा व्हॉल्व्ह चढवला. टेपचे वेढे. आवळ. आणखी. पंपाखाली स्पंज सरकवला, म्हणजे त्याची घरघर लाकडात उतरणार नाही. तिसऱ्या नळीचं टोपण काढून खिशात टाकलं — वाज बाई, वाजायचं तेव्हा वाज — आणि पंप चालू.

आधी सगळं एकदम बोंबललं. पाणी चढलं, तिसरी नळी धो धो ओरडली, पहिली गुळण्या करायला लागली, आणि त्यानं चाक फिरवलं, थांबला, फिरवलं, थांबला. लॅबमध्ये दात बसवताना श्वास रोखतो तसा श्वास रोखून. वरचं पाणी उतरलं. तिसरी गप्प झाली. बुडबुडे आले, कमी झाले. केसभर. गळप्… अजून केसभर. गळ… अजून…

नाही.

तो थांबून राहिला, खांदे वर चढवून, पुढच्या गळप्‌ची वाट बघत. तो आवाज येईना. टाकीत पाणी हलत होतं, निळा उजेड वाळूवर सरकत होता, गोगलगाय शिंगं हलवत होती, आणि कशाचाही आवाज नव्हता. घड्याळाचा काटा ऐकू आला. फ्रीज गुरगुरून थांबला, तेव्हा तो आजवर गुरगुरत होता हे कळलं. झालं! झालं की! संध्याकाळ व्हायच्या आत झालं. दुकान उघडंय, टेम्पो गेला खड्ड्यात, दादानं भिंतीवर चित्र लावावं, माशांचं. त्याला हसू आलं. बायको आल्यावर तो काहीच बोलणार नव्हता, नुसता सोफ्यावर बसून राहणार होता, आणि ती दारातच थबकून म्हणेल —

अगं.

— म्हणेल, 'अरे, बंद पडली की काय?' मग तो म्हणेल —

अगं…

काय होतं ते? नळी नाही. त्यानं कान पेटीजवळ नेला. पेटीत काही नव्हतं. मग भिंत. भिंतीतून, अगदी हळू, कुणाला त्रास होऊ नये इतक्या बेतानं —

अगं, आहेस का?

हाक म्हणावी असा आवाजच नव्हता तो. त्याच्या कल्पनेत सासूबाईंची हाक म्हणजे खणखणीत, हुकमी काहीतरी होतं. घंटीला नकार देणाऱ्या बाईची हाक. ही तर स्वतःशीच पुटपुटल्यासारखी. ऐकू आलीच तर ये, नाही आली तर राहू दे, अशी. आणि थांबून थांबून. तुम्हाला वाटतं, थांबली. तुम्ही खांदे सैल सोडता, आणि —

आहेस का?

अशा किती? बायको ताटावरून उठायची, अर्ध्या वाक्यातून उठायची, हा म्हणायचा, 'बस गं, कुणी हाक मारली नाही,' आणि ती बसायची नाही. त्याला वाटायचं, तिला भास होतात. तिची चिडचिड, तिचं ते सारखं मान तिरकी करून ऐकणं… एवढ्याशा आवाजासाठी ती घरभर कान लावून हिंडत होती. आणि मी या भिंतीला टेकून, खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून… मला ऐकू आलं नाही. खरंच नाही आलं. पण आता हे म्हणता येणार नाही. आजपासून हे वाक्य गेलं.

आणि तेव्हा त्याला दिसलं, की आपली बोटं अजून चाकावर आहेत.

केसभर. डावीकडे केसभर, बस. बुडबुडे परत येतील. बायकोला सांगायचं, जमलं नाही गं, पण पुष्कळ कमी झालाय… ती म्हणेल, टाकी जाऊ दे. जाऊ दे मग. नाही, जाऊ कशी देणार, खोली गेली, आता ही… पण आवाज तर हवा. कसला तरी आवाज तर घरात हवा माणसाला! त्यानं फिरवलं की काय, त्याला सांगता आलं नसतं. पण पेटीतलं पाणी किंचित उतरलं, नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा येऊन थांबला, फुगला, त्याच्या पाठीवर खिडकी वाकडी झाली, आणि खाली —

गळप्.

भिंत गप्प झाली. एकदम. जणू तिकडेही ते ऐकू गेलं होतं. जणू त्या खोलीत पडल्या पडल्या कुणाला इतक्या दिवसांत नेमकं कळलं होतं, की हा आवाज चालू असला की हाका मारण्यात अर्थ नाही.

त्यानं चाक उलटं फिरवलं. घाईनं. जास्तच फिरलं, तिसरी नळी घशातून एक हुंकार काढून थांबली. पुन्हा केसभर. पाणी जागेवर आलं. बुडबुडा गेला. घड्याळ. आता. आता येईल.

येईना.

तो स्टुलावरून उतरला, ओली बाही अंगाला चिकटलेली, आणि जिथं उतरला तिथंच उभा राहिला, कारण चालला असता तर चपलेचा आवाज झाला असता. झोप लागली असेल. झोपच लागली असणार. बाहेर जिन्यावर पावलं वाजली, ती त्याला खालच्या मजल्यापासून ऐकू आली, ओळखू आली. वर आली, दारापाशी थांबली. किल्ली खुळखुळली नाही. बेल वाजली नाही. दाराच्या पलीकडे बायको उभी होती, नुसतीच, आत न येता, हातात पर्स धरून, आणि तिला वाटत असणार की आत कुणाला काही ऐकू जात नाही. ती रोज अशी उभी राहते? किती वेळ?

दोन दारं, आणि मधे हा, आणि कुठूनच काही येत नव्हतं. आवाज नको, आवाज नको म्हणून ज्यानं जिवाचं रान केलं तो आता तोंड उघडं टाकून ऐकत होता, मान तिरकी करून, अगदी तिच्यासारखी… बोल ना. काहीतरी बोल. गेले इतके महिने तो त्या खोलीतल्या बाईशी 'त्यांना विचार', 'त्यांचं झालं का' असं बायकोच्या तोंडून बोलत आला होता; थेट हाक मारायची वेळ त्यानं येऊच दिली नव्हती. त्यामुळे शब्द कुठून काढायचा ते घशाला कळेना. तो निघाला तेव्हा बारीक होता, हाक म्हणावी असा नव्हताच —

"आई?"

आणि तो थांबून राहिला. टाकीत पाणी वाहत होतं.