गाडीतल्या सुट्या वस्तू

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला गाडी चालवता येते. लायसन्स आहे. त्यातला फोटो भुतासारखा आलाय, पण लायसन्स खरं आहे. चारबाग स्टेशनसमोरच्या त्या गोंधळातून, जिथे ऑटो चारी बाजूंनी अंगावर येतात अन् हमाल डोक्यावर बॅगा घेऊन खुशाल मधे उभे राहतात, तिथूनही मी गाडी काढते. आजवर कुणाला घासलं नाही. तरी माझ्या नवऱ्याच्या तोंडून "माया, चांगली चालवलीस" हे तीन शब्द लग्नापासून आजतागायत निघाले नाहीत. निघतो तो एकच. "ब्रेक!"

आमचे हे, म्हणजे श्रीपत, सरकारी विमा कंपनीत मोटार क्लेम बघतात. नागपूरहून बदली होऊन लखनौला आलो, तेव्हापासून तेच टेबल. चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघण्यात माणसाचा जन्म गेला. रस्त्यानं धडधाकट गाडी चाललेली त्यांना दिसतच नाही, तिचा क्लेम दिसतो. मी चालवायला बसले की हे डाव्या सीटवर बसून जोरजोरानं ब्रेक दाबतात. तिथे ब्रेक नाही, हे त्यांना कितीदा सांगितलं! त्यांच्या पायाखालच्या मॅटला भोक पडलंय. माझी मॅट नव्यासारखी आहे. आता बोला.

तर यंदा माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला पोरीनं, उत्कर्षानं, मला भेट दिली. ती इव्हेंट कंपनीत कामाला आहे. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते हिंदी.

"मम्मी, ट्रैक डे! कानपुर रोड पे नया रेसिंग ट्रैक बना है ना, वहाँ। अपनी ही गाड़ी ले जानी है, अकेले चलानी है। आपका नाम लिखवा दिया।"

अकेले! मला तर ऐकूनच गुदगुल्या झाल्या. हे मात्र हातातला चहा तसाच धरून बसले.

"ट्रॅकवर आपटली तर क्लेम बसत नाही," हे म्हणाले. "एक नया पैसा नाही. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं."

"मी नाही आपटणार."

"सगळे हेच म्हणतात. मग फोटो पाठवतात." मग चहा संपवून म्हणाले, "जायचंच असेल तर गाडीची तयारी मी करणार. तू त्यात पडायचं नाही."

मला हसावं की रडावं कळेना. गाडी मी चालवणार, अन् तयारीत मी पडायचं नाही.

आयोजकांचा मेसेज आला होता. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, गाडीतल्या सगळ्या सुट्या वस्तू काढा. रविवारी सकाळी ह्यांनी डिकी उघडली अन् सरोजिनी नगरातल्या आमच्या गल्लीत प्रदर्शनच मांडलं. मलिहाबादहून दशहरी आंबे आणलेली लाकडी पेटी, दोन छत्र्या, घडीची खुर्ची, एक गोधडी, कुणाच्या तरी लग्नातला स्टीलचा डबा, अन् दोन वर्षांपूर्वी हरवला म्हणून मी ज्याच्यासाठी कामवालीवर संशय घेतला होता तो माझा झारा. गाडी आमची जुनी, छोटी हॅचबॅक. एवढं सामान तिच्या पोटात मावलंच कसं, देव जाणे. आता आम्ही देवबीव मानत नाही, पण तोंडात बसलेला शब्द आहे.

डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे. तिच्यापाशी येऊन गाडी अडली.

"ही सुटी नाही," हे म्हणाले. "डबल टेपनं चिकटवली आहे. स्थिर आहे."

"वळणावर सुटली तर?"

"बुद्ध वळणावर सुटेल?"

"अहो, टेप सुटेल! बुद्धाचं मी कुठे काय म्हणून राहिले?"

शेवटी मीच मूर्ती अलगद काढली अन् घरात नेऊन कपाटावर ठेवली. ह्यांनी त्या जागेचा गोंद तासभर खरवडला. चेहरा असा, जसं काही घर सोडून कुणी चाललंय.

मग गाडी सोनूभाईंकडे गेली. सोनूभाई आमचे मेकॅनिक. पान्हा हातात घेतानासुद्धा आधी गाडीची परवानगी मागतील असा माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले, अन् हलक्या आवाजात म्हणाले, "भाभीजी, गाड़ी बुज़ुर्ग है। इनसे दौड़ने को कहना... ज़रा बेअदबी होगी।"

"बेअदबी मी बघते भैया, तुम ब्रेक देखो."

त्यांनी ब्रेक ऑइल बदललं, ब्रेक पॅड नवे टाकले, चाकांचे नट आवळले. हे बाजूला उभे राहून प्रत्येक नटाचा फोटो काढत होते. कशाला, तर म्हणे पुरावा असावा. सोनूभाईंना वाटलं आपल्या कारागिरीचं कौतुक चाललंय. तेही नटाशेजारी हसून उभे राहू लागले.

पुढचा ताप हेल्मेटचा. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट हवं होतं, ते उत्कर्षानं आणलं. ह्यांनी फर्मान काढलं, "सवय हवी. रोज घरात घालून फिर." मी घातलं बाप्पा! हेल्मेट घालून कणीक मळली, हेल्मेट घालून फोडणी दिली. फोडणी बरी जमली, नाकात काही गेलं नाही. तेवढ्यात खाली सब्जीवाला ओरडला. मी तशीच धावले. काच खाली, हातात कणकेचा गोळा, अन् आतून घुमणाऱ्या आवाजात विचारलं, "भैया, भिंडी कैसे दी?"

तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "जो ठीक समझें, दे दीजिए मैडम। बाल-बच्चे वाला आदमी हूँ।"

समोरच्या मिश्राभाभींनी मुद्दाम येऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं ठीक आहे, गाडीची प्रॅक्टिस करून राहिले. त्या म्हणाल्या, "घर के अंदर?"

ट्रॅकच्या आदल्या दिवशी ह्यांनी हेडलाइटवर टेप लावली. काच फुटली तर तुकडे ट्रॅकवर सांडू नयेत म्हणून लावतात. कागदी टेप, दोन पट्ट्या, एवढंच सांगितलं होतं. ह्यांनी पार्सलची खाकी टेप घेऊन दोन्ही दिवे पार बुजवून टाकले. गाडी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या म्हातारीसारखी दिसायला लागली. मी म्हटलं असू दे, कुठे दिवसाउजेडी दिवे लावायचेत. पण मनातून सांगते, माणूस उकिडवा बसून एवढं मन लावून टेप लावत होता, की मला रागही येत होता अन् मायाही वाटत होती. एवढी काळजी आहे, तर एक शब्द बोला ना बरा! "येतं तुला," एवढं तरी. मला त्या ट्रॅकवर कुणाला हरवायचं नव्हतं. मला फक्त ह्यांच्या तोंडून तेवढं एकदा ऐकायचं होतं.

सकाळी निघालो. चालवत मीच होते, हे शेजारी, उत्कर्षा मागे. कानपूर रोडला लागेपर्यंत माझ्या डाव्या कानात "ब्रेक", "ट्रक बघ", "ब्रेक म्हटलं ना" असा पाठ चालूच होता. ट्रॅकवर पोचलो तर सगळीकडे टकाटक गाड्या. बुटक्या, रुंद, घुरघुरणाऱ्या. त्यांच्यामध्ये आमची खाकी डोळ्यांची बुज़ुर्ग.

तपासणीवाला मुलगा आला. दार उघडलं अन् त्याच्या कपाळाला आठी पडली. कारण ह्यांनी सुट्या वस्तू काढल्या होत्या खऱ्या, पण रात्रीतून त्यांच्या जागी 'सुरक्षेच्या' वस्तू भरल्या होत्या. प्रथमोपचाराची पेटी, सुती दोर, पाण्याचा कॅन, टॉर्च, घोंगडं, अन् चिवड्याचा डबा.

"सर, ये सब लूज़ आइटम है। निकालना पड़ेगा।"

एकेक वस्तू बाहेर आली. माझी ओढणीसुद्धा उत्कर्षानं काढून घेतली. चिवड्यासाठी हे थोडे झगडले, पण तोही गेला. मग हे आपले शांतपणे डाव्या सीटवर जाऊन बसले अन् सीट बेल्ट लावला.

"सर, आप?"

"मैं साथ में जाऊँगा. गाइड करने को."

"सर, पहली बार वालों के साथ पैसेंजर अलाउड नहीं है।"

हे हलेचनात. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीतून म्हटलं, "उतरा हो. तुम्हीपण सुटेच आहात."

रांगेत मागे उभी असलेली पोरं हसली. हे उतरले, पण असे उतरले की मला वाटलं उगाच बोलले. घोंगडं काखेत मारून, चिवड्याचा डबा छातीशी धरून, बाजूच्या जाळीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग फक्त चालवणाऱ्यांना एका मांडवात बोलावून आयोजकांतल्या एकानं झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढे धोका. लाल म्हणजे थांबा. "और नीला झंडा..." असं तो म्हणाला मात्र, माझी मान आपोआप ताठ झाली. आमच्या घरात निळ्या झेंड्याला काय मान आहे, हे तुम्हाला सांगायला नको. अन् तो पुढे म्हणतो, "...नीला मतलब, पीछे तेज़ गाड़ी है, साइड दे दीजिए।" माझी मान पुन्हा जागेवर आली.

मग ट्रॅक. काय सांगू! पहिल्या वळणाला मी स्वतःच मोठ्यांदा ओरडले, "ब्रेक!" अन् मग एवढी हसले की हेल्मेटची काच धुकटली. गाडीत कुणी नाही. आवाज नाही. नवे ब्रेक असे लागत होते की मन खूश झालं. वळणात हलकेच आत शिरायचं, बाहेर पडताना पाय दाबायचा. बुज़ुर्ग बाई थरथरली, कण्हली, पण मागे हटली नाही. अन् माझ्यापुढे जाण्यासाठी सगळ्या जगाची रांग लागली होती. दर फेरीला जाळीजवळचा झेंडेवाला मुलगा निळा झेंडा फडकवायचा, मी आरसा बघायची, कडेला सरायची, हात दाखवायची, अन् ती बुटकी गाडी सूं करून जायची. मग दुसरी. मग तिसरी. मला कुणाचा राग नाही आला. जा बाबांनो, तुम्हाला घाई आहे.

परत येऊन हेल्मेट काढते तर हे धावत येऊन राहिले. घोंगडं कुठेतरी पडलं होतं. डोळे लाल.

"माया! अगं निळा! एवढ्या गाड्या, पण तुला एकटीला निळा झेंडा, प्रत्येक फेरीला! काय चालवलीस गं! लई चांगली चालवलीस!"

आजूबाजूची माणसं बघत होती. ह्यांना पर्वा नव्हती. मी तिथेच विरघळले. तेवढ्यात उत्कर्षानं तोंड उघडलं, "पर पापा, ब्लू फ्लैग तो..." मी तिच्या पायावर असा पाय ठेवला की तो ब्रेकच म्हणावा.

घरी जाताना मी चालवत होते, हे शेजारी. उत्कर्षा तिथे भेटलेल्या मैत्रिणींबरोबर मागून येणार होती. अर्धा रस्ता संपेपर्यंत "ब्रेक" नाही, काही नाही. अन् मला माझं पाप गिळवेना. इतक्या वर्षांनी मिळालेले ते शब्द, अन् तेही चुकून! असलं कौतुक काय कामाचं?

"अहो," मी म्हटलं, "एक सांगते. तो निळा झेंडा शाबासकीचा नव्हता. मागच्या गाडीला साइड द्या, म्हणून दाखवतात तो."

"माहीत आहे मला."

"काय?"

"पहिल्याच फेरीला मी त्या झेंडेवाल्या पोराला जय भीम घालायला गेलो ना. त्यानं सांगितलं." हे समोर रस्त्याकडे बघत होते. "मग जाळीपाशी उभा राहून नीट बघितलं. माया, माझ्या टेबलावर जेवढे फोटो येतात ना, ते सगळे साइड न देणाऱ्यांचे असतात. तू प्रत्येकाला दिलीस. एकदाही अडली नाहीस, घाबरली नाहीस, चिडली नाहीस. तुझा फोटो माझ्या टेबलावर कधीच येणार नाही." मग म्हणाले, "म्हणून म्हटलं, चांगली चालवलीस. नुसतं म्हणायला जीभ वळत नाही माझी, झेंड्याच्या निमित्तानं तोंडून निघालं, एवढंच."

मला पुढचं काही दिसेना. मी इंडिकेटर दिला अन् गाडी हळूच कडेला घेतली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. ह्यांनी चिवड्याचा डबा उघडून माझ्यापुढे धरला.