वेगळे धुणे

आजीने नऊ दिवस नातवाला हात लावला नव्हता, तरी त्याच्या अंगावरचे चट्टे वाढतच होते. दिवसभर परक्यांचे जुने कपडे उपसणाऱ्या तिच्या अंगावर मात्र साधे पुरळही नव्हते.

दहाव्या दिवशी निवडकेंद्रात येताच ती आपल्या टेबलाकडे न जाता तंतू तपासणाऱ्याच्या खोलीत शिरली. कोणता कपडा पुन्हा वापरात जाईल आणि कोणता पिंजून त्याचे नवे सूत निघेल, हे त्याच्या सूक्ष्मदर्शकावर ठरे. तिने पिशवीची गाठ सोडली. आतून तान्ह्याचे झबले निघाले.

"काय काकू, आता घरचाही माल निवडायला आणलात?"

"थट्टा नको रे. खरूज आहे की किडे, ते बघ. सून म्हणते, लोकांची रोगराई तुम्ही घरात आणता. मलमाने उतार नाही. आज ती बाळाला घेऊन माहेरी निघालीय, आणि मी हे काम सोडेपर्यंत परत येणार नाही म्हणते."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मलाही तेच वाटतं," ती खाली बघत म्हणाली.

त्याने हसणे आवरले. चिकटपट्टी झबल्यावर दाबून उचलली, काचपट्टीवर लावली आणि भिंगाला डोळा लावला. ती दाराशी अंग चोरून उभी राहिली. जणू जे काही दिसेल ते तिथून उडी मारणार होते.

"किडा नाही."

"मग?"

त्याने चिमट्याने दोन-चार तंतू उचलून ज्योतीत धरले. सूत असते तर जळून राख झाली असती. लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता. तंतू लाल झाले, वितळून गोळा झाले आणि तसेच राहिले.

"काच आहे."

"काचेचं झबलं? डोकं फिरलंय का तुझं?"

"झबलं सुतीच आहे. त्यात काचेचे तंतू अडकलेत. ते कातडीला टोचतात. रोगबिग काही नाही. काकू, मध्ये नाट्यगृहाचे पांढरे पडदे आले होते ना, आग न लागणारे? त्यांत काचेचं सूत असतं. कोणी कापले?"

"मीच. अजून कापतेय. पण हातमोजे, पूर्ण बाह्या, सगळं घालून. आणि एप्रन मी बाळाच्या कपड्यांत कधी मिसळत नाही. घरी गेल्यावर आधी तो एकटा धुण्याच्या यंत्रात टाकते. मग रिकाम्या यंत्रात बाळाचे कपडे. इतकी..."

त्याने चिमटा पुसून ठेवला. तिने स्टूल ओढले, बसली आणि घरी फोन लावला. सुनेच्या आवाजामागे घरघर ऐकू येत होती.

"यंत्र चालू आहे का?"

"हो आई, बाळाचे कपडे धुतेय. निघण्याआधी वाळायला हवेत."

"बंद कर. त्यातला एकही कपडा त्याला घालू नकोस."

"काय झालं? काय निघालं?"

आजीने डोळे मिटले.

"रोग नाही. पडद्यांतली काच माझ्या एप्रनला लागते. तो मी आधी धुते, म्हणून ती यंत्रात राहते. मग बाळाचे कपडे त्यात पडतात."